होडीवरची कोरी जागा

खाडीकाठी एखादी रंगवलेली होडी दिसली की ते प्रकरण मला अजून जसंच्या तसं आठवतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्यात खाडीलगतच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. आमच्या हद्दीतल्या कोळीवाड्यातले दोघे सख्खे भाऊ पहाटे मासेमारीला गेले आणि बुडाले. होडी प्रवाहात उलटली असावी, म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद झाली. होडीच्या कडेला घासल्याची खूण होती, पण ती पुलाच्या खांबाची, असं सगळेच म्हणाले. पंचनामा करून होडी घरच्यांना परत दिली.

पुढे दोन-तीन महिन्यांनी रेतीबंदरावरचा एक चहावाला आला आणि दारातच घुटमळत राहिला. खबर आणणारा माणूस असाच येतो. त्याला आत बसवलं की त्याची वाचा बसते. मीच बाहेर जाऊन त्याच्याशेजारी उभा राहिलो.

"साहेब, माझं नाव नको. ती होडी उलटली नाय, रेतीच्या बार्जने ठोकलीय. तेव्हा बार्ज हिरवा होता."

"तेव्हा म्हणजे?"

"आता मालकाने निळा केलाय ना!"

होडीवर हिरवा रंग सापडला तरच खबरीला अर्थ होता. हवालदाराला घेऊन मी तडक कोळीवाड्यात गेलो, पण होडी बघताच वाटलं, खबर फुकट गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती नुकतीच रंगवलेली होती. मासे, खेकडे, सूर्य, वेडीवाकडी माणसं.

बुडालेल्या भावांची म्हातारी आई जवळच जाळं सांधत बसली होती. तिने सगळं सांगितलं. नारळी पौर्णिमा जवळ आली, वाड्यातल्या होड्या रंगल्या, ही एकटीच राहिली. बाप गेल्यापासून घरातली पोरं खाडीकडे फिरकत नव्हती. मग शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी आणि वाड्यातल्या बायकांनी ठरवलं, ही होडी पोरांनीच रंगवायची. घरोघरचा उरलासुरला रंग गोळा झाला. सगळ्या वाड्याची पोरं जमली. धाकट्या नातीने तर बोलणंच टाकलं होतं. हातात ब्रश आल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"काय बोलली?"

म्हातारी मला होडीच्या पलीकडे घेऊन गेली. तिथे वीतभर जागा कोरी होती. तीच घासल्याची खूण, आणि तिच्यात हिरवे कण. मी वाकलो तशी सहा-सात वर्षांची ती नात आडवी आली.

"तिथं हात नाय लावायचा. लागलंय तिला. रंग लावला तर झोंबंल."

माझा जीव भांड्यात पडला.

हवालदार म्हणाला, "साहेब, फळी कापून जप्त करू?"

"गप रे," मी म्हणालो. रंग तपासणाऱ्या तज्ज्ञाला तिथेच बोलावलं आणि पंचांसमक्ष चिमूटभर रंग हलक्या हाताने खरवडून घेतला. होडी सुपुर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या बोलीवर, म्हातारीकडेच ठेवली. निकाल लागेपर्यंत त्या जागेला रंग लावायचा नाही, एवढी एकच अट. ती पोरीने आधीच घातली होती.

बार्ज चालवणाऱ्या तांडेलाला चौकशीला आणलं. खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो.

"आमचा बार्ज निळा हाय, साहेब. पहिल्यापासून निळाच."

"रंगाचं मी कुठे विचारलं?"

निळ्याखालचा हिरवा आम्ही खरवडून आणला होता, तो त्याच्यासमोर ठेवला. मग पोर काय म्हणाली तेही सांगितलं. तेव्हा त्याने कबूल केलं.

"दिवा नव्हता लावला आम्ही. चोरून रेती काढत होतो. हाका ऐकल्या, साहेब, पण मालक बोलला, थांबू नको."

दोन्हीकडचा रंग एकच निघाला. खटला रेंगाळला, पण तांडेल आणि मालक दोघांनाही शिक्षा झाली. सुपुर्तनामा संपल्याचं सांगायला मी स्वतः कोळीवाड्यात गेलो. नात आता उंच झाली होती, चुरूचुरू बोलत होती.

"प्रकरण संपलं," मी म्हणालो. "आता लाव तिथे रंग."

तिने कोऱ्या जागेवरून हात फिरवला.

"खपली धरलीय," ती म्हणाली. "अजून नको."

त्यानंतर नोकरीत अनेक घरांना निकाल कळवायला गेलो. प्रकरण संपलं, असं मात्र कोणाला म्हणालो नाही. कोर्टाचं काम झालं, एवढंच सांगायचो.