हीरची ओटी

नंदुरबारहून सुरतेची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पोळ्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि मनात एक पक्का बेत होता : नवऱ्याला घोडी घेऊ द्यायची नाही.

माझा नवरा सुधाकर वीज खात्यातून निवृत्त झाला आणि त्याला अरबी घोड्यांचं वेड लागलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आम्ही दरवर्षी जात होतो, पण ते चार चकरा मारून, भजी खाऊन घरी येण्यासाठी. तिथे कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की सुरतेजवळ कामरेजला अस्सल अरबी घोडी आहे, गाभण आहे, मालकीण वारली म्हणून घरचे द्यायला तयार आहेत. झालं. आमच्या शेतातल्या पडक्या शेडचा तबेला होणार, हे त्याने माझ्या आधी शेजाऱ्यांना सांगितलं. मी शाळेत भूगोल शिकवते. डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं त्यावर माझा विश्वास. ‘अरबी घोड्याला माणसाच्या मनातलं कळतं’ असं तो म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, “मग तुझ्या मनातलं कळलं तर ती पहिली पळून जाईल.”

नवापूर गेलं, व्यारा गेलं. सुधाकर सबंध वाटभर मला शिकवत होता. अरबी घोड्याचा चेहरा मध्ये किंचित खोलगट असतो, नाकपुड्या मोठ्या, डोळे जरा खाली, धावताना शेपूट वर. मी पोळी खात हूं हूं करत होते. सुरत स्टेशनबाहेर आम्ही लोचो (हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला, ढोकळा व्हायचा राहून गेल्यासारखा लगदा, वरून तेल आणि शेव) खाल्ला आणि मला गाव आवडलं. थंडीचे दिवस होते. तापीच्या काठी पोंक विकायला बसले होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा. मी दोन पुडे घेतले. ही आमचीच तापी, आमच्याकडून वाहत येते, इथे तिला एवढं पाणी कसं, याचा मला थोडा रागच आला.

कामरेजच्या चौकात रिक्षा बदलली. पुढे उसाच्या शेतांमधून कच्चा रस्ता नदीकडे जातो. त्याच्या टोकाला एक दुमजली घर, अंगण आणि बाजूला तबेला. महामार्गावरच्या ट्रकचे आवाज रिक्षातून उतरेपर्यंत कान किटवत होते. फाटकातून आत शिरलो आणि ते थांबले. हळूहळू कमी झाले नाहीत, थांबले. मध्ये ऊस आहे, आवाज अडतो, असं मी स्वतःला समजावलं.

घोडी अंगणाच्या मधोमध उभी होती. बांधलेली नव्हती. राखाडी रंगाची, तोंडाकडे काळसर, आणि बरगड्या दिसत असूनही पोट मोठं. ती घराच्या वरच्या मजल्यावरच्या एका बंद खिडकीकडे पाहत होती. आम्ही आलो तरी कान हलला नाही.

मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) आत्माराम बापू मूळ दोंडाईच्याकडचे निघाले. वीस वर्षं सुरतेतल्या उधन्याला यंत्रमागावर काम करून त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं समजून घेत. आम्ही खानदेशातले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

“ताई, बारा दिन व्हई ग्यात,” ते म्हणाले, “तिनी गव्हानमा तोंड घालं नही. दोन काड्या चघळस नि सोडी देस.” (बारा दिवस झाले, गव्हाणीत तोंड घातलेलं नाही.)

घोडीचं नाव हीर. हीर म्हणजे रेशमाचा धागा. घरची मालकीण, तिला सगळे बा, म्हणजे आई, म्हणत, रोज दुपारी चार वाजता खिडकीतून हाक मारायची, मग खाली येऊन कमरेला खोचलेला गुळाचा खडा द्यायची. एका सकाळी बांना दवाखान्यात नेलं आणि तिकडूनच स्मशानात. घरी परत आणलंच नाही.

“बा दवाखानामा गयी, परत उनीच नही,” आत्माराम बापू म्हणाले. “हिले काय माहीत?” (बा परत आल्याच नाहीत. हिला काय माहीत?)

बांचा मुलगा जिग्नेशभाई शहरातून आला होता. सभ्य, थकलेला माणूस. त्याने हात जोडले. “बेन, आ घोडी बा सिवाय कोईनुं माने नहि.” (ही घोडी बांशिवाय कुणाचं ऐकत नाही.) गुरांच्या डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं होतं : घोडी अशीच उपाशी राहिली तर ती आणि पोटातलं शिंगरू, दोघंही जातील. जागा बदलली तर खाईल, या एका आशेवर तो तिला देऊन टाकत होता.

मला तर आयतंच कोलीत मिळालं. मी सुधाकरला बाजूला घेऊन म्हटलं, “मरायला टेकलेलं जनावर घरी न्यायचंय? चल परत.” तो रजक्याची (हिरव्या लसूणघासाची) पेंढी हातात घेऊन हीरपुढे उभा होता आणि ती त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे पाहत होती. इतक्या दिवसांचा त्याचा उत्साह चेहऱ्यावरून उतरत गेलेला मी पाहिला आणि मला वाईट वाटलं. जिंकायला आले होते, पण असं नव्हे.

तेवढ्यात माझी फजिती झाली. तबेल्यामागच्या चरात पाय घसरला आणि मी मांडीपर्यंत शेणपाण्यात बसले. आत्माराम बापूंची बायको सुमनबाई धावत आली, मला घरात नेलं, ट्रंकेतून एक साडी काढून दिली. पांढुरकी, धुऊन धुऊन मऊ झालेली, बारीक हिरव्या बुट्ट्यांची. मी नेसले, पोंकाचे पुडे उचलले आणि बाहेर ओट्यावर आले.

हीर खिंकाळली.

बारा दिवसांत ती पहिल्यांदा आवाज करत होती, असं मला नंतर सांगितलं. पण मी पाहत होते आत्माराम बापूंकडे. ते आमच्याकडे पाठ करून गव्हाण झाडत होते. ज्यांना ट्रकचा भोंगा ऐकू येत नाही ते बापू गर्रकन वळले. तोंडाने नव्हे, हाताने त्यांनी मला सांगितलं : हलू नका.

ती चालत आली. अगदी सावकाश, एकेक खूर ठेवत. माझ्याजवळ थांबली आणि तोंड माझ्या डाव्या कमरेला लावलं. नाकपुड्यांचा गरम श्वास साडीतून लागला. तिथे, निऱ्यांशेजारी, काहीतरी टणक होतं. मी हात घातला. गुळाचा खडा निघाला.

तो मी खोचला नव्हता. धुतलेल्या साडीच्या घडीत राहिला असेल, नेसताना कमरेशी आला असेल. मी आजही हेच म्हणते. मात्र धुण्यात गूळ विरघळतो, हे मला शाळेतल्या मुलांनी सांगायची गरज नाही.

हीरने तो गूळ घेतला नाही. तिने मान मागे घेतली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दोनदा असं केलं. दुकानात गिऱ्हाईक दोन कापडांचा रंग ताडून पाहतं, तसं. मी ती नव्हे, हे तिला पुरतं कळलं होतं, आणि तरी ती हलत नव्हती. मी घाबरले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

“ही साडी कुणाची आहे?” मी विचारलं.

सुमनबाईने खाली पाहिलं. “बानी. माफ करा ताई. मी मुद्दाम दिधी. तिले वास तरी भेटी, आशे वाटनं.” (बांची. मी मुद्दाम दिली. तिला वास तरी मिळेल, असं वाटलं.)

मला संताप आला. गेलेल्या बाईची, त्यातही विधवेची साडी मला, सवाष्णीला, न सांगता नेसवली! मी असल्या गोष्टी मानत नाही. तरीही माझा हात मंगळसूत्राकडे गेला. मी नको ते बोलले, सुमनबाई रडली. मग डोळे पुसून ती आत गेली, कुंकू घेऊन आली आणि म्हणाली, तुमची ओटी भरते, मग काही बाधत नाही. घरात सुतक, तांदूळ-नारळ कुठून आणणार? माझ्याच पुड्यातला पोंक तिने ओंजळीने घेतला आणि माझ्या पदरात घातला. तीन ओंजळी. धान्य ते धान्य.

मी पदर धरून उभी. समोर हीर, पोट खाली आलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आणि मला वाटून गेलं, घरात दिवस भरत आलेली पोर उपाशी उभी असताना माझी कसली ओटी भरतात ही माणसं? मी विचार केला नाही. सुमनबाईच्या हातातलं कुंकू घेतलं, हीरच्या कपाळावरच्या पांढऱ्या केसांत टेकवलं, आणि पदर तिच्या तोंडापुढे धरला.

“घे बाई,” मी म्हटलं. “बा आता नाहीत. मी भरते तुझी.”

ती खाऊ लागली. हिरवे दाणे ओठांनी गोळा करत, घाई न करता, शेवटचा दाणा संपेपर्यंत. मग वळली आणि आपल्या पायांनी गव्हाणीकडे गेली. ओट्यावरच्या घड्याळात चार वाजले होते.

मी इतक्या जवळून घोडा कधी पाहिला नव्हता. ती खोलगट चेहऱ्याची रेघ, ते खाली बसवलेले काळे डोळे, कातडीखाली पाण्यासारख्या सरकणाऱ्या शिरा. सुधाकरने गाडीत सांगितलेलं सगळं तिथे होतं, आणि त्याला सांगता न आलेलंही. मी तिच्या मानेवर हात ठेवला तो उचलवेना.

निघताना बापू म्हणाले, “आते ती तुमनी वाट दखी.” (आता ती तुमची वाट पाहील.) बाळंतपणाची ओटी भरली म्हणजे मी तिच्या माहेरची झाले, असा त्यांचा हिशेब.

परतीच्या गाडीत उलटंच झालं. सुधाकर गप्प. व्यारा आल्यावर म्हणाला, “मंजू, नको आपल्याला ही घोडी. ती तुझ्या पाठीमागे बघत होती. तुझ्याकडे नव्हे, पाठीमागे.” मी त्याला म्हटलं, वेडा आहेस. आणि दुसऱ्या दिवशी त्याची घोड्यांची सगळी पुस्तकं माझ्या उशाशी आणली. नववीच्या वर्गात वाळवंट शिकवता शिकवता मी अरबी घोड्यावर घसरले आणि घंटा झाली तरी थांबले नाही. दुपारचे चार वाजले की मी हातातलं काम सोडून दाराकडे बघते, हे सुधाकरने माझ्या लक्षात आणून दिलं. तोवर मला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी जिग्नेशभाईचा फोन आला. हीर कालपासून अडली होती. डॉक्टर म्हणत होता, घोडी कळा आवरून धरते, एकांत मिळेपर्यंत थांबते, हे ठाऊक आहे. पण हिला एकांत देऊन झाला, आता फार वेळ गेला. ती फाटकाशी उभी होती, रस्त्याकडे तोंड करून.

मी पहिली गाडी पकडली. सुधाकर नको नको म्हणत बरोबर आला. डिंकाचे लाडू घेतले होते. ते कुणासाठी, याचा विचार मी गाडीत बसल्यावर केला. नेसले होते माझीच साडी.

फाटकात शिरलो आणि ट्रकचे आवाज पुन्हा थांबले. हीरने माझा हात हुंगला, लांब श्वास सोडला, आणि वळून तबेल्यात जाऊन आडवी झाली. भर दुपारी, माझ्यादेखत. अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आलं. मादी. डॉक्टर म्हणाला, दोघी ठीक आहेत. बापू रडत होते. मी तर हुंदके देऊन रडले आणि जिग्नेशभाईला तिथल्या तिथे सांगितलं : शिंगरू आईचं दूध सोडेपर्यंत इथे राहू द्या, मग दोघींना मी नेणार. सौदा मोडायला आलेली बाई ती मीच.

तासाभरात शिंगरू लटपटत उभं राहिलं. दूध प्यायलं. मग चार पावलं टाकत अंगणात आलं, थांबलं, मान वर केली आणि बंद खिडकीकडे कान टवकारून पाहू लागलं. त्या पोरीने बांना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आईने तर तिकडे बघायचं सोडून दिलं होतं. बारीक, कोवळ्या आवाजात ते पिल्लू वरती कुणाला तरी खिंकाळलं. आत्माराम बापूंनी डोक्यावरची टोपी काढली.

“लई जा ताई,” ते मला म्हणाले. “पन तिनासंगे आखो कोन येई, ते माले सांगता येत नही.” (न्या. पण तिच्यासोबत आणखी कोण येईल, ते मला सांगता येत नाही.)

गाडीत सुधाकरने विचारलं, “शिंगरू बघत होतं तेव्हा खिडकी उघडी होती की बंद?”

“मी वर पाहिलं नाही,” मी म्हटलं.

“तू? तू पाहिलं नाहीस?”

नाही पाहिलं. प्रत्येक गोष्ट तपासून घेणारी मी, त्या अंगणात मान खाली घालून उभी होते आणि मला ते बरोबर वाटत होतं. जे माझ्यासाठी नव्हतं, ते मी का पाहावं?

आता शेतात शेडचं काम चालू आहे. काल गवंडी विचारत होता, हवेसाठी खिडक्या कुठे ठेवायच्या. सुधाकर म्हणाला, दोन बाजूंना दोन, पुरे.

मी म्हटलं, अंगणाकडे तोंड करून आणखी एक काढा, उंचावर, माणूस उभा राहील एवढी.

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं, मग गवंड्याला म्हणाला, “बाई सांगतात तशी काढ.”