मामाच्या उंबऱ्यावरच्या लाल मुंग्या

माझ्या मामीच्या पायाला भिंगरी आहे. ती बसते ती फक्त शिलाईच्या मशीनवर, आणि तेव्हाही पाय चालूच असतात. कशी आहेस म्हणून विचारलं की बाकीचे लोक ‘बरी आहे’ म्हणतात, त्या सुरात ती म्हणते, “दमले गं बाई.” आणि पुढच्या कामाला लागते. तिचं हे वाक्य आम्ही इतकी वर्षं ऐकत आलोय की त्याचा अर्थ काय होतो याचा विचार करायचं कुणाच्या मनातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

गल्लीत तिला चेनवाली म्हणतात. पँटची, पर्सची, दप्तराची, कसलीही बिघडलेली चेन ती बदलून देते. कपडे आखूड करते, सैल करते, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते की कपडा सैल करण्यापेक्षा जेवण कमी करा. घराच्या पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून तिचं मशीन. मग स्वयंपाकघर. आणि सगळ्यात मागे, अंगणाच्या दाराशी, मामाची खोली.

मामाची सगळी नोकरी शहराबाहेरच्या वजनकाट्यावर झाली. मालाची गाडी भरून यायची, काट्यावर उभी राहायची, मामा काचेच्या खिडकीतून आकडा बघायचा आणि हात वर करायचा. हात वर झाला की गाडी सुटली. जास्त माल भरलेला असला तर ड्रायव्हर रडो की ओरडो, मामाचा हात वर जायचा नाही. घाईचे ड्रायव्हर गाडी पुरती न थांबवताच पुढे काढायला बघायचे. त्यांना तो म्हणायचा, “थांबा राव, चालत्या गाडीचं वजन होत नाही.” घरी मामी ताट घेऊन पळत असली की तिलाही तो हेच ऐकवायचा. ती काही थांबायची नाही.

मग एके दिवशी आंघोळ करताना मामा पडला आणि त्याची डावी बाजू गेली. साखर आधीपासून होतीच. जीव वाचला, शब्द सावकाश परत आले, उजवा हात शाबूत राहिला, पण डाव्या पायाला चिमटा काढला तरी कळेना. मामीनं त्याची सोय मागच्या खोलीत केली. “पुढे गिऱ्हाइकांची कटकट, मशीनची खडखड. माणसाला आराम नको?” असं म्हणून तिनं खाट हलवली, आणि आम्ही सगळ्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. दारातून दिसायचा एक नळ, कपड्यांची दोरी आणि लिंबाचं झाड. निवांत जागा. आम्हाला कुणालाच तिथे राहायचं नव्हतं, त्यामुळे ती आम्हाला फारच आवडली.

एका सकाळी मामी ओल्या फडक्यानं त्याचे पाय पुसायला बसली आणि तिनं पांघरूण बाजूला केलं, तर डावं पाऊल घोट्यापासून बोटांपर्यंत फोडांनी भरलेलं. प्रत्येक फोडाच्या टोकाला पांढरा ठिपका. चादरीच्या घडीत लाल मुंग्या अजून फिरत होत्या. मामी अशी किंचाळली की पुढच्या खोलीत थांबलेलं गिऱ्हाईक आत धावत आलं.

मला सांगताना ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. “माणूस जागा होता गं. टक्क जागा होता, मुंग्या त्याला खात होत्या, आणि त्याला पत्ता नाही.”

डॉक्टरीणबाईंनी फोड फोडू नका म्हणून बजावलं. श्वास लागला, तोंड सुजलं तर तडक दवाखान्यात आणा म्हणाल्या. आणि मग मामीला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, “यांना साखर आहे, पायाला जाणीव नाही. पुन्हा असं होऊन जखम चिघळली, तर पाऊल वाचवता येईलच असं मी म्हणणार नाही.”

झालं. मामीनं पदर खोचला. लिंबाच्या बुंध्यापाशी मातीचा भुसभुशीत ढीग होता, तेच वारूळ. तिनं पातेलंभर पाणी उकळलं आणि त्यावर ओतलं. काही मुंग्या मेल्या, उरलेल्या नळापाशी निघाल्या, लिंबाची एक बाजू होरपळली, आणि पाणी उडून मामीच्या स्वतःच्या पावलावर पट्टी आली. नवराबायको दोघांचे पाय बांधलेले. मामा त्या दिवशी हसला म्हणे.

शेजारचे काका, जन्मभर बस चालवलेले, रॉकेलचा डबा घेऊन हजर झाले. “ओता आणि काडी लावा, एका मिनिटाचं काम.” पलीकडे भिंतीला लागून गॅसचं सिलिंडर. मी तिथेच होते, माझं डोकं फिरलं. “काका, मुंग्या जातील, पण घर कुठे ठेवायचं तेही सांगून जा,” असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी डबा उचलला आणि आजपर्यंत ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

शेवटी मामी खत-बियाण्यांच्या दुकानात गेली. मी सोबत होते. दुकानदार कंटाळलेल्या आवाजात बोलत होता, पण बोलत होता नेमकं. त्यानं एक डबा पुढे ठेवला. आत बारीक, तेलकट दाणे.

“हे मुंग्या स्वतःच खाणं म्हणून उचलतात आणि आत नेऊन राणीला भरवतात. राणी संपली की वारूळ संपलं. वेळ लागतो, घाई करू नका. वारूळ उकरायचं नाही, नाहीतर बिऱ्हाड घेऊन दुसरीकडे जातात. दाणे ढिगावर नाही, ढिगाच्या भोवती टाकायचे. जमीन कोरडी पाहिजे. हातमोजे घाला, मुलं-मांजरं लांब ठेवा, आणि शेजारी फवारा, फिनेल काही मारू नका, वास आला तर त्या दाण्याला तोंड लावत नाहीत.”

“आणखी?” मामीनं विचारलं. तिला नेहमी आणखी काहीतरी करायचं असतं.

“आणखी काही नाही. टाकायचं आणि सोडून द्यायचं. फक्त आजूबाजूला दुसरं खाणं पडलेलं नको. ते मिळालं तर हे कशाला खातील?”

“माझ्या घरात?” मामी म्हणाली. दुकानदारानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय सोडला.

मामीनं सगळं तंतोतंत केलं. खाटेचे चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले, खाट भिंतीपासून सरकवली, चादर जमिनीला टेकू नये म्हणून खाली खोचली. दिवसा मामा चाकाच्या खुर्चीत दाराशीच बसायचा हट्ट धरायचा, म्हणून डाव्या पायाला जाड मोजा आणि त्यावर बूट. कामातून उठून ती सारखी त्याचा पाय तपासून जायची. दाणे टाकले. आणि दाणे तिथेच पडून राहिले. मुंग्या जिवंत, धडधाकट, दाण्यांना वळसा घालून येत-जात होत्या. ते दाणे काढून तिनं नवे टाकले. त्यांचंही तेच. तोवर मोज्यावर एकदा तीन-चार मुंग्या सापडल्या आणि मामीला दिवसभर घास गेला नाही.

“हात टेकले गं मी,” तिनं मला फोनवर सांगितलं. हे मात्र ती कधी म्हणत नाही. मी सुट्टीच्या दिवशी गेले.

पुढे मामी कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. मी मागे जाऊन मामाजवळ पायरीवर बसले. तो खुर्चीत डोळे मिटून होता. मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी मुंग्यांची रांग बघत बसले. ती दाण्यांपासून हातभर लांबून वळत होती, भिंतीच्या कडेनं उंबऱ्यावर चढत होती, आणि मामाच्या खुर्चीच्या उजव्या चाकाशी संपत होती. तिथे बिस्किटाचा चुरा होता. खाताना सांडतो तसा नाही. एका ओळीत, अंतरा-अंतरानं ठेवलेला.

मी वर बघितलं. मामानं डोळे घट्ट मिटले होते. झोपलेला माणूस इतके घट्ट मिटत नाही. उजवी मूठ बंद होती.

“मामा, मूठ उघड,” मी म्हटलं.

त्यानं उघडली. चहाबरोबर दिलेलं अर्धं बिस्किट. तेवढ्यात मागून मामी आली, खांद्यावर टेप, ओठांत टाचणी. तिनं चुरा बघितला, रांग बघितली, मूठ बघितली. टाचणी काढून पदराला टोचली.

“अहो, काय हे?”

“गाड्या,” मामा म्हणाला. त्याचे शब्द एकेक करून येतात. “रिकाम्या येतात. भरून जातात.”

“तुमचा पाय जाईल! कळतंय का तुम्हाला? पाय!”

“मला तो कळतच नाही गं.”

“मला कळतो ना!” मामी ओरडली. “तुम्हाला नाही कळत, मला कळतो! उठल्यापासून झोपेपर्यंत तुमचा पाय मला दुखतो!”

मामानं मुठीतलं बिस्किट मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, “इकडे कुणी येत नाही दिवसभर.”

“मी येत नाही? गोळ्या द्यायला कोण येतं? जेवण, आंघोळ, चादर, पाय तपासायला दहादा कोण येतं?”

“तू कामाला येतेस,” मामा म्हणाला.

त्यात तक्रार नव्हती. आकडा वाचून दाखवावा तसं त्यानं सांगितलं. मामी तिथेच खाटेच्या कडेवर बसली. तिला अशी बसलेली मी पहिल्यांदा पाहिली आणि मला भीती वाटली. ती रडली नाही. हात मांडीवर उताणे टाकून नुसती बसून राहिली, आणि मला कळलं की ‘दमले’ म्हणते ते ती खरंच सांगत असते. आम्ही कुणी ऐकतच नव्हतो. पुढे गिऱ्हाईक हाका मारत होतं, शेवटी मीच जाऊन त्याला उद्या या म्हणून सांगितलं.

परत आले तर मामी चुरा ओल्या फडक्यानं पुसून काढत होती. उंबरा कोरडा झाल्यावर मामानं डब्याकडे बोट केलं. मामीनं त्याच्या उजव्या हातात हातमोजा चढवला, मोज्यात एकेक बोट नीट बसवून. खुर्ची अंगणात ढकलली, त्याचे पाय पाटावर उंच ठेवले, आणि वारुळापासून चार हात लांबून मामानं स्वतः दाणे फेकले. आम्ही बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग एक मुंगी दाण्याशी थांबली, फिरली, आणि दाणा उचलून निघाली. मागून दुसरी.

“भरली,” मामा म्हणाला, आणि मोजा काढायला हात पुढे केला. मामीनं मोजा काढून त्याचा हात साबणानं धुतला. बिस्किट मात्र ती आता समोर उभी राहून संपवून घेते.

पुढे मी दोन-तीन आठवडे गेले नाही. गेले तेव्हा पुढचं दार बंद होतं आणि त्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘चेनसाठी बोळातून मागे या.’ बोळातून वळसा घालून गेले. लिंबाजवळचा ढीग पावडरीसारखा सुकून खाली बसला होता, एक मुंगी नाही. मामाचं पाऊल उघडं, कोरडं, नुसते काळे डाग राहिलेले. आणि मशीन मागच्या खोलीत, खाटेला खेटून. जागा इतकी कमी की मामीला उठायचं तर मामाच्या खुर्चीला वळसा घालावा लागतो. दारात गिऱ्हाइकांची रांग. मामा उंबऱ्याशी बसून प्रत्येकाची पिशवी बघत होता. “ही भरून आलीय,” तो मामीला सांगायचा. “हा नुसताच विचारायला आलाय.” मामी म्हणायची, “गप्प बसा हो, पळवाल माझी गिऱ्हाइकं.” मशीनची खडखड, बडबड, मामाचं मत. आरामाचं नाव नाही.

“कशी आहेस?” मी मामीला विचारलं.

“दमले गं बाई,” म्हणत ती कपड्यांचं बोचकं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली. मामानं उजवा हात तिच्यासमोर आडवा धरला.

“गाडी काट्यावर घे.”

“अहो, कामं पडलीत.”

“चालत्या गाडीचं वजन होत नाही.”

ती थांबली. बोचकं खाली ठेवून खाटेच्या कडेवर टेकली. दारातली माणसं बघत होती, पण ती उठली नाही. “बघा एकदाचं,” ती म्हणाली. “भरलेली की रिकामी?”

मामानं तिला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. सुजलेले पाय, पाण्यानं पोळल्याचा डाग, टाचण्यांनी टोचलेली बोटं.

“ओव्हरलोड,” तो म्हणाला. आणि हात वर केला नाही.

मी पाणी आणायला उठले. पाणी घेऊन आले तरी ती बसलेलीच होती.