नद्या माझ्या, माणसं तिची

आत्या वारली आणि तिची मुलगी आमच्याकडे राहायला आली. मी अकरा वर्षांची होते, ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. आम्ही टेमघरला दोन खोल्यांत राहायचो. वडील भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. ती अकलोलीची, बोलणं तिकडचंच. हाय, न्हाय, माजी आय. पहिल्याच संध्याकाळी वडील तिला म्हणाले, "इथं नीट बोलायचं." वडील स्वतः त्याच भागातले होते. गावी गेले की पहिले दोन दिवस ते जवळजवळ बोलतच नसत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

देश काढायची कल्पना माझी. शेजारच्या लूमच्या कारखान्यातून कापडाच्या गठ्ठ्यांवरचा खाकी कागद मिळायचा. त्यावर मी वडिलांच्या नकाशांवरून शिकून एक किनारा काढला, तीन नद्या, एक डोंगररांग, डोंगराच्या पलीकडे कोरडा प्रदेश. कोरडा का, तर पाऊस डोंगराच्या अलीकडेच संपतो. हे सगळं मला येत होतं. तिने बराच वेळ नकाशा पाहिला आणि विचारलं, "हितं ऱ्हातं कोन?"

मग माणसं तिने आणली. मधल्या नदीवर नाव चालवणारी एक बाई होती. खोटं बोलणाऱ्याला ती अर्ध्यात उतरवायची. कोरड्या प्रदेशातली माणसं एकमेकांना पाणी भेट द्यायची आणि लग्नात वाटीभर पाण्यावरून भांडायची. उगमाजवळच्या एका गावात बाजाराच्या दिवशी मेलेली माणसं यायची, कुणी त्यांना काही विचारायचं नाही, नुसतं जेवायला वाढायचं. ती हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहायची, जसं बोलायची तसंच. नाव मात्र देशाला दिलं नाही, कारण आमचं एकमत कधी झालंच नाही.

दोन वर्षं हे चाललं. आम्ही दोघी वडिलांच्याच शाळेत होतो. मग सातवीत ती मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलींना त्या देशातल्या गोष्टी सांगायला लागली. मुली डबे उघडायला विसरायच्या. एकदा मी नकाशा शाळेत नेला. एकीने त्यावर हात पुसला आणि म्हणाली, "थांब ना, ती नाववाली बाई पुढे काय करते ते ऐकू दे."

त्या शनिवारी मी ती वही तिच्या उशाखालून काढली आणि वडिलांच्या टेबलावर, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवली. त्या भाषेतलं लिखाण पाहून वडिलांचं काय होईल, हे मला नीट माहीत होतं. ते व्हावं म्हणूनच ठेवली.

सोमवारी भूगोलाच्या तासाला वडिलांनी पिशवीतून वही काढली. "आज एका नव्या देशाची माहिती घेऊ," ते म्हणाले आणि तिला उभं केलं. "मुख्य पीक कोणतं?"

तिला वाटलं, ते खरंच विचारताहेत. "भात," ती म्हणाली. "वरच्या अंगाला नाचणी."

वर्ग हसायला लागला.

"दळणवळण?"

"एक बाई हाय, ती नाव..."

"हाय!" वडील म्हणाले. वर्ग पुन्हा हसला. मीही हसले, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. मग ते वाचायला लागले, तिचा एकेक शब्द ओढून, आमच्याकडे बघत. मेलेल्या माणसांचा बाजार आला तेव्हा थांबून त्यांनी विचारलं, "मेलेली माणसं बाजारात येतात. याला आयात म्हणायचं की निर्यात?" मुलं बाकं बडवायला लागली. ती खाली बघत होती. वडिलांनी पुढचं वाचलं, "माजी आय बी येते बाजाराला. तिचा भाव तिथंच असतो. पन तो तिला वळख देत न्हाय. तो मास्तर झालाय."

वडिलांनी वही मिटली. ती त्यांची भाची आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. हसणं एकदम बंद झालं. त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि तिच्याजवळ गेले. "हात पुढे कर." तिने केला. त्यांनी किती मारल्या ते मी मोजलं नाही. पट्टी मोडली तेव्हा ते थांबले. ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर ते आधी थांबले असते.

घरी त्यांनी वही आंघोळीच्या बंबात घातली. आईने मध्ये पडून विचारलं, "अहो, पोरीच्या आईबद्दलचं होतं ना त्यात?" ते म्हणाले, "पाणी तापलं की सांग." रविवारी तिला अकलोलीला तिच्या घरी पोचवून आले. आईने तिची शाळेची पुस्तकं बांधून ठेवली होती, ती त्यांनी खाटेखाली सरकवली. "आता काय करायचीत तिला?" तिची शाळा तिथेच संपली. पुढे सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. वडिलांना परीक्षेचं काम निघालं. मीही गेले नाही.

वडील गेले त्यानंतरची गोष्ट. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझ्या मुलीला एका सुट्टीत मी तो देश काढून दाखवायला बसले. नद्या हाताला आपोआप आल्या, डोंगर आले. ती म्हणाली, "इथे कोण राहतं?" मला नाववाली आठवली, बाजार आठवला. बाकी शेकडो माणसं होती, त्यातलं एकही आठवेना. मी एसटीने अकलोलीला गेले.

गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं नारळ-फुलांचं दुकान होतं. तिने मला लगेच ओळखलं. चहा मागवला, मामीची चौकशी केली, मामाचं नाव काढलं नाही. शेवटी मी नकाशा उलगडला. "तुझी माणसं हवीत मला," मी म्हटलं. "तुला आठवतात का?"

"सगळी."

"मग सांग ना. मी लिहून घेते."

ती फुलांवर पाणी मारत होती. "वही माज्या उशाखाली व्हती," ती म्हणाली. "मामाच्या टेबलावर चालत गेली काय ती?"

नकाशाची घडी घालत मी विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तू हसलीस तवाच."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कोनाला? मामाला?"

मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, जशी गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकतात तशी. म्हणाली, "चा पी, निवंल." माणसांविषयी मी पुन्हा विचारलं. "न्हाय," ती म्हणाली. "माज्या पोरींना ठावं हायेत. तेवढं बास." मग एक कुटुंब नारळ घ्यायला आलं आणि ती उठली.

घरी येऊन मी माझ्याच मनाने माणसं बसवली. एक राजा, एक कोळी, दोन हुशार बहिणी, सगळे नीट बोलणारे. मुलीने थोडा वेळ ऐकलं आणि ती खाली खेळायला निघून गेली.