स्क्रीनवर पोचलेली कमलबाई

"कमलबाईचा रिपोर्ट कुठे आहे?" डॉक्टर पाठकांनी आतून ओरडून विचारलं.

घाटंजीत त्या दिवशी बाजार होता. दवाखान्याच्या बाकावर गाल धरून बसलेल्यांची गर्दी. मी रिसेप्शनला रेखाताईंच्या शेजारी बसून त्यांना पासवर्ड कसा बदलायचा ते शिकवत होते, आणि त्या तिसऱ्यांदा जुनाच पासवर्ड टाकत होत्या.

"झालं ना सर तिचं," रेखाताई म्हणाल्या. "हे पाहा, हिरवं दाखवून राह्यलं."

डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले. "हिरवं दाखवून राह्यलं ते मलाही दिसतं. तुकडा काढला असेल तर त्याचा रिपोर्ट यायला पाहिजे. कुठे आहे तो?"

माझं काम काय ते आधी सांगते, नाही तर हिरवं-लाल काही कळायचं नाही. नागपूरच्या एका कंपनीने दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर काढलं होतं. साध्या डेंटिस्टला जे जमत नाही, म्हणजे जबड्याची सर्जरी, वाकडी अक्कलदाढ, तोंडातली गाठ, त्याच्यासाठी तो पेशंटला मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो. याला रेफरल म्हणतात. पूर्वी हे चिठ्ठीवर चालायचं. आम्ही ते कॉम्प्युटरवर आणत होतो. घाटंजीहून बटन दाबलं की यवतमाळच्या सर्जनला पेशंटची माहिती आणि फोटो दिसणार, पेशंटच्या मोबाईलवर तारखेचा मेसेज जाणार, आणि पेशंट तिथे पोचला की इथल्या यादीत त्याची ओळ हिरवी होणार. मी त्या कंपनीची ट्रेनर. वणी, राजूर, आर्णी, घाटंजी, जिथे म्हणून दाताच्या डॉक्टरची पाटी दिसेल तिथे जाऊन रिसेप्शनला शिकवायचं.

पाठकांच्या दवाखान्यात शिकवायला जायचं म्हणजे मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं. लवंगाच्या तेलाचा वास, कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि आतून डॉक्टरांचं ठरलेलं ओरडणं, "आधी खर्रा थुकून ये, मग तोंड उघड!" आमच्या भागात खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला प्रकार. बाया, बाप्ये, सगळेच खातात. डॉक्टर आयुष्यभर त्या खर्र्याशी भांडले. लय मोठा आवाज त्या माणसाचा, आणि लय मऊ हात. अशी माणसं आता कुठे भेटतात?

कमलबाई आत्राम त्यांची जुनी पेशंट. बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक विकायची. दाढ दुखते म्हणून आली होती. डॉक्टरांना तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, मधे लालसर. पुसला तरी जात नव्हता. तोंडही पुरतं उघडत नव्हतं. असा चट्टा साधा असू शकतो, आणि कॅन्सरची सुरुवातही असू शकते. चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी रेफरलवर 'अर्जंट' लिहून ते यवतमाळला इंगळे मॅडमकडे पाठवलं होतं. मॅडम तोंडाच्या सर्जन.

मी मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"कमलबाई आत्राम? नाही हो. अशी कोणी बाई माझ्याकडे आलीच नाही."

"मॅडम, आमच्याकडे हिरवं दाखवतंय."

"थांबा, पाहते." बटनांचा आवाज आला. "हां. या नंबरवर घाटंजीचा एक पेशंट आलेला आहे. दादाराव. अक्कलदाढ काढली त्याची."

मी रेखाताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"रेखाताई, दादारावचा मोबाईल नंबर कोणता टाकला तुम्ही?"

"माया," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांचा स्वतःचा.

"आणि कमलबाईचा?"

"मायाच."

मी डोक्याला हात लावला. यादी उघडून पाहिलं, तर निम्म्या पेशंटांना रेखाताईंचा नंबर!

"कायले टाकता तुम्ही आपला नंबर?"

"मंग काय करू ताई?" रेखाताई रडकुंडीला आल्या. "बायाजवळ फोन नसते. नवऱ्याचा देते, तं नवरा फोन घेऊन वावरात. पोराचा देते, तं पोरगा पुण्यात. कोनी किराणा दुकानाचा देते. मेसेज जाते भलतीकडंच. म्हणून मीच म्हणलं, मायावर येऊ द्या. बाजाराच्या दिवशी सगळे येतेच अठी. मी जाऊन सांगते ज्याले त्याले, तुही तारीख अमकी. आजवर एक निरोप चुकला नाई माया."

आणि हे खरं होतं. बाजाराच्या दिवशी दुपारी डबा खाल्ला की त्या पदर खोचून ओळीने दुकानं फिरायच्या, हे मी स्वतः पाहिलं होतं. मला तर कौतुक वाटायचं. त्या निरोपांच्या मागे नंबर कोणाचा आहे, हे मात्र नागपूरला बसलेल्या कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

कारण सॉफ्टवेअरला वाटायचं, एक मोबाईल म्हणजे एक माणूस. तोच नंबर पुन्हा टाकला की ते विचारायचं, 'हाच पेशंट आहे का?' नाही म्हटलं तर पुढे सरकायचं नाही. रेखाताई 'हो' दाबायच्या. झालं! दोघांचं रेफरल एकाच वेळी चालू होतं, म्हणून आत कमलबाई आणि दादाराव एकच माणूस होऊन बसले, आणि मॅडमच्या स्क्रीनवर फक्त दादाराव दिसला. तारखेचा मेसेज दादारावच्या एकट्याच्या नावाने आला. दादाराव गेला, दाढ काढून आला, आणि कॉम्प्युटरने दोघांच्याही ओळी हिरव्या करून टाकल्या. बाकीच्यांचं फार तर दाढदुखीवर निभावलं असतं. हिचं तसं नव्हतं.

"मायामुळं झालं का सर?" रेखाताईंनी विचारलं.

डॉक्टर चिडतील असं मला वाटलं. ते फक्त हातमोजे काढत म्हणाले, "नंतर रडू. आज बाजार आहे ना? चला, बसली असेल ती."

बाकावरच्या एका गाल सुजलेल्या पोरीला त्यांनी गोळ्या दिल्या. बाकीच्यांना म्हणाले, "उद्या या रे बाबांनो." बाजाराच्या दिवशी पाठकांचा दवाखाना बंद! माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एक म्हातारा तर म्हणाला, "कोन गेलं का व माय?"

आम्ही तिघं भाजीबाजारात गेलो. कमलबाईची जागा रिकामी होती. शेजारी टमाटे विकणाऱ्या बाईने डॉक्टरांना पाहून पदर सावरला.

"कमल नाई येत जी कवापासून. लेकीजवळ गेली आर्णीले. बाळंतपण हाय."

"आर्णीत कुठे?"

"जावई टू-व्हीलरच्या गॅरेजात हाय, बस स्टँडच्या मांगं. नाव नाई मले मालूम."

डॉक्टरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. रेखाताई दवाखाना सांभाळायला थांबल्या. गाडीत बसल्या बसल्या मी नागपूरला बॉसना फोन केला.

"ताई, ही यूजर एरर आहे," बॉस म्हणाले. "रिसेप्शनिस्टने स्वतःचा नंबर टाकायचाच नाही. ट्रेनिंगमध्ये आहे ते."

माझं डोकं सटकलं. "सर, तुमच्या घरी माणशी एक मोबाईल आहे. इथे एका मोबाईलवर अख्खी आळी चालते. तुमच्या कॉम्प्युटरला जरा इकडे बाजाराला पाठवा."

"तुम्ही चिडू नका."

"मी चिडले नाही, मी घाबरले आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. डॉक्टर गाडी चालवता चालवता म्हणाले, "चट्टा थांबत नाही हो कोणासाठी." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. एरवी मला तो रस्ता फार आवडतो. त्या दिवशी तो संपता संपेना.

गॅरेज सापडलं, जावई सापडला, त्याच्यामागून आम्ही घरी गेलो. कमलबाई चुलीजवळ नातीला मांडीवर घेऊन शेकत बसली होती. डॉक्टरांना दारात पाहून ती दचकली.

"डॉक्टर सायेब! तुमी अठी कायले आले?"

"तू यवतमाळला का गेली नाहीस?"

"तुमीच तं म्हनलं, तारीख येईन, रेखाताई सांगन. मी तीन बाजार वाट पाह्यली. निरोप नाई आला." मग ती हसली. "तुमी माया तोंडाचा फोटू काढून धाडला होता नं कॉम्प्युटरातून? मले वाटलं, मोठ्या डॉक्टरीणबाईनं फोटू पाह्यला असन आन् म्हनलं असन, काई नाई हिले. म्हनून बलावलं नाई. सुटली म्हनलं मी!"

बिचारीने आमच्या गप्प बसण्याचा अर्थ चांगला लावला होता. माणूस तसाच लावणार ना?

डॉक्टरांनी टॉर्च काढला. "आ कर."

चुलीच्या उजेडात, लेक खाटेवरून पाहत असताना, त्यांनी तिचा गाल तपासला. टॉर्च बंद करायला त्यांना जरा वेळ लागला.

"कमल, आत्ता माझ्यासोबत यवतमाळला चल."

"आत्ता? अवं बाप्पा! उद्या पाचवी हाय नातीची. सव्वा महिना होऊ द्या, मंग येतो."

"सव्वा महिना नाही. चट्टा वाढला आहे. अजून वाढला तर जबडा कापावा लागेल. त्याच्या पुढचं मी तुला सांगत नाही."

कमलबाईचा हात नातीच्या पाठीवर थांबला. ती लेकीकडे पाहायला लागली. बोलली लेक.

"माय, तू जाय."

"अन तुले कोन पाह्यन?"

"मी पाह्यतो मायं. मले पाचवी नाई पायजे, तू पायजे."

जावयाने सासूची पिशवी भरायला घेतली. कमलबाईने नातीला लेकीच्या कुशीत ठेवलं, कमरेची खर्र्याची पन्नी काढून चुलीत टाकली आणि चप्पल शोधायला लागली. मी तोंड फिरवून डोळे पुसले. ट्रेनर आहे म्हणून काय झालं!

इंगळे मॅडम दवाखाना उघडा ठेवून आमची वाट पाहत होत्या. त्यांनी त्याच संध्याकाळी तुकडा काढला. रिपोर्ट आला तो कॅन्सरचा, पण अगदी सुरुवातीचा. नागपूरला ऑपरेशन झालं. गालाचा तेवढा भाग काढला, जबडा वाचला. "अजून दोन-तीन महिने गेले असते, तर मी काही सांगू शकले नसते," असं मॅडम मला नंतर म्हणाल्या. मला तेव्हा बसून पाणी प्यावं लागलं.

कंपनीत मी पुढे बरंच भांडले. बॉस मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त बाजार माहीत नव्हता. शेवटी एका नंबरवर कितीही पेशंट टाकता येऊ लागले, आणि 'निरोप कोणाजवळ द्यायचा' असा एक रकाना आला. दुसरी गोष्ट मी हट्टाने करून घेतली. रेफरल पाठवलं की प्रिंटरमधून एक चिठ्ठी निघून पेशंटच्या हातात पडलीच पाहिजे.

"ताई, आपलं प्रॉडक्ट पेपरलेस आहे," बॉस कळवळून म्हणाले होते.

"असू द्या सर. पण हातात चिठ्ठी असली की माणसाला आपल्याला जायचं आहे हे तरी माहीत असतं."

पाठकांचा दवाखाना आता बंद झाला. त्या जागी मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे. तिथून जाताना मी उगाच गाडी हळू करते. लवंगाचा वास काही येत नाही. डॉक्टर पुण्याला मुलाकडे राहायला गेले, तिथे त्यांचं मन लागत नाही, असं ते दर वेळी सांगतात. रेखाताई दुसऱ्या दवाखान्यात लागल्या आहेत आणि तिथेही डबा खाऊन बाजारभर फिरतात. मी त्यांना थांबवत नाही. नव्या मुलींना शिकवताना मी एवढंच सांगते, की आपण रेफरल पाठवलं म्हणजे पेशंट पोचला असं नाही. मुली मान डोलावतात. त्यांना ते फार सोपं वाटतं.

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मला पुण्याहून फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी काही नाही. डॉक्टर मोठ्या आवाजात एकच विचारतात, "बसली का?"

मी तिथे असले तर स्वतः पाहून येते, नसले तर रेखाताईंना पाठवते. सांबाराच्या जुड्या मांडून ती बसलेली असते. हसताना एक गाल थोडा ओढला जातो, एवढंच.

"बसली, सर."

"बरं," म्हणतात आणि फोन ठेवतात.

आमच्या ट्रेनिंगमध्ये याला फॉलो-अप म्हणतात.