धूर बसला

देवराव टॉवरच्या फाटकाशी आले की आत शिरण्याआधी पाठ फिरवून गावाकडे बघत उभे राहायचे. चुलींचा धूर सरळ वर जात असला तर विडी विझवून कामाला लागायचे. थोडा चढून तिथेच आडवा पसरला, तर म्हणायचे, "सायेब, धूर बसला. आज लाइनी पळतेत." म्हणजे फोन मधेच तुटणार.

वारंगा फाट्याजवळच्या त्या टेलिफोन टॉवरवर मी नव्वदच्या दशकात नवा इंजिनियर म्हणून आलो. टॉवरच्या माथ्यावरची डिश दूरच्या टॉवरकडे तोंड करून होती; फोन तिच्यातून रेडिओ लहरींवर जायचे. देवराव मेकॅनिक, पुसेगावच्या मेंढपाळाघरचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. घरी आई अंथरुणाला खिळलेली. दर शनिवारी एसटीने तिच्याकडे जायचे. लॉगबुकात ते 'धूर बसला' लिहायचे आणि मी लाल शाईने खोडायचो. पदवीचा माज, दुसरं काय!

"काहून खोडून राहिले, सायेब? धूर खोटं न्हाई बोलत."

एकदा थंडीत, क्षितिजापलीकडच्या, एरवी कधीच न पोचणाऱ्या टॉवरचा सिग्नल आमच्यात घुसला. देवराव हसले. "मेंढरं बी अशीच दुसऱ्याच्या कळपात घुसतेत. ऊन चढलं की जातेत आपल्या वाटंनं."

जमिनीलगत गार हवा, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. त्याखाली धूर अडतो आणि लहरीही वाकतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत गुणही मिळवले होते. धुरात मात्र ओळखलं नाही.

पुढच्या जानेवारीत एके दिवशी वरिष्ठ तपासणीला येणार होते, आणि नेमक्या त्याच सकाळी लाइनी तुटू लागल्या. मी देवरावांना म्हणालो, "वर चढा, डिश फिरवा."

"हात नका लावू, सायेब. बिगाड मशिनीत न्हाई, हवेत हाय. दोन घंटे थांबा."

"चढा म्हणतो ना!"

ते चढले. मी खालून सांगेन तशी त्यांनी डिश फिरवली. सिग्नल मोजणाऱ्या मीटरचा काटा वर आला आणि मी खूश झालो. ऊन चढलं, धूर विरला, लहरी सरळ झाल्या, आणि आमची डिश भलतीकडेच तोंड करून राहिली. वरिष्ठ आले तेव्हा सगळं बंद होतं. अहवालात मी लिहिलं, 'मेकॅनिकने डिश हलवली.' कोणाच्या हुकमावरून, ते लिहिलं नाही.

त्या अहवालावरून देवरावांची बदली पार कोकणात झाली. जाताना त्यांनी फक्त लॉगबुक माझ्या हातात दिलं. त्याच पावसाळ्यात त्यांची आई वारली. ते पोचले तोवर राख सावडून झाली होती.

आता देवरावही नाहीत. आमची शेवटची भेट पुसेगावातली. फायबर केबल आल्यावर टॉवर बंद पडला होता, ते निवृत्त झाले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी मान खाली घालून म्हणालो, "देवराव, मी खोटं लिहिलं होतं."

"न्हाई, सायेब. डिश मीच हलवली व्हती. तुमी खोटं न्हाई लिवलं, अर्धं लिवलं." त्यांनी शेजारच्या चुलीच्या धुराकडे पाहिलं. "माय तेवढी भेटाया पायजे व्हती."