साडूंची वादळं

अटलांटिकवरचं प्रत्येक वादळ ओळखणारा आणि स्वतः मात्र दर पावसात सायकलवरून भिजत घरी येणारा माणूस नेदरलँड्समध्ये एकच असेल, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे.

बेस्ट नावाच्या गावात राहतात, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतात. पण जून ते नोव्हेंबर, म्हणजे तिकडच्या वादळांच्या मोसमात, त्यांच्याशी दुसऱ्या विषयावर बोलायची सोय नाही. आपण मुलांच्या शाळेचं विचारावं, तर हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कालच जमलेल्या ढगांचं सांगणार. वादळांची नावं इतक्या सलगीने घेतात, की माझ्या बायकोला बरेच दिवस ती त्यांच्या ऑफिसातली माणसं वाटत होती. एकदा रायस्वाइकला आमच्याकडे गणपतीची आरती संध्याकाळी पाचला ठरली. नेमकं पाचला अमेरिकेच्या हवामान खात्याचं नवं बुलेटिन येतं, म्हणून हे तबक माझ्या हातात देऊन जिन्यात जाऊन बसले. कापूर विझला, मोदक निवले, आणि परत येऊन शांतपणे म्हणाले की वादळ अजून पश्चिमेलाच सरकतंय. त्या दिवशी मी त्यांना फार बोललो.

पुढे आमची मुलगी नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी कॅरिबियनमधल्या एका डच बेटावर गेली, आणि सप्टेंबरात एक मोठं वादळ त्याच बेटाच्या रोखाने निघालं. साडू रजा टाकून सकाळच्या गाडीने आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. एरवी न विचारता सांगणारा माणूस, पण त्या दिवशी तोंड उघडेना. शेवटी मीच चिडून विचारलं, "वळेल का हो ते?"

"नाही वळणार," ते म्हणाले.

मग बेटावरचे फोन बंद पडले. दीड दिवस आम्ही तिघं त्या टेबलाशी बसून होतो. बायकोला दोन घास खायला लावलं तेही त्यांनीच. मला ते जमलं नाही.

फोन आला तो आमच्याकडे नाही, त्यांच्या मोबाइलवर. याचाही मला राग आला. त्यांनी स्पीकर लावला, तर मुलगी म्हणत होती, "काका, वारा थांबला तरी आम्ही कोणी बाहेर पडलो नाही. तुम्ही सांगितलं होतं तसं."

तेव्हा कळलं, वादळ येण्याआधी तीन दिवस ते तिला मेसेज करत होते: किनाऱ्यावरचं घर सोड, शाळेच्या पक्क्या इमारतीत जा, मधेच सगळं शांत झालं तर फसू नकोस, वारा उलट्या दिशेने परत येतो. आईबाबांना यातलं काही सांगू नका, असं तिनेच त्यांना बजावलं होतं.

एवढं सांगून ती रडायला लागली. साडू फोन हातात धरून नुसतं "हो बाळा, हो" म्हणत राहिले, आणि मी तो त्यांच्याकडून मागून घेतला नाही.