गिटारवाल्याची दोन पुस्तकं आणि जामखेडचा कार्यक्रम

नातीने मला दोन जाडजूड पुस्तकं आणून दिली, दोन्ही एकाच माणसाची. माणूस परदेशातला, रॉक स्टार. खांद्यापर्यंत केस, गळ्यात गिटार. एक पुस्तक त्याने स्वतः लिहिलेलं, दुसरं कुणा पत्रकाराने त्याच्यावर लिहिलेलं. मी म्हटलं, "अगं, त्याचं त्याने सांगितलंय ना सगळं? मग तेच परक्याच्या तोंडून कशाला ऐकू? भाजी आपण खाल्ली, आता शेजारणीला विचारायचं का, कशी झाली होती म्हणून?"

"वाच तर आजी," ती म्हणाली, "मग आपण भांडू."

माझी शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी मी इथे भिंगारच्या लष्करी छावणीत साहेबांच्या बायकांचे ब्लाउज शिवता शिवता शिकले. त्यामुळे मापं आणि तक्रारी मला चटकन कळतात, बाकीच्याला डिक्शनरी लागते. तरी पहिलं पुस्तक तीन आठवड्यांत संपवलं. काय गोड लिहितो हो मेला! एके ठिकाणी म्हणतो, बँडमध्ये संगीत उरलं नव्हतं, नुसती भांडणं होती, म्हणून एका सकाळी मी गिटार उचलली आणि मागे न बघता निघालो. मी डोळे पुसले.

मग दुसरं उघडलं. त्यातही तीच सकाळ. पण त्या पत्रकाराने तालमीच्या खोलीच्या वॉचमनलासुद्धा गाठलं होतं. तर म्हणे हा रोज चार तास उशिरा यायचा, म्हणून बाकीच्यांनी कुलूप बदललं. हा पाऊण तास बाहेर किल्ली फिरवत बसला, शेवटी वॉचमनने गिटार खिडकीतून हातात दिली. म्हणजे गिटार घेऊन निघाला हे खरंच! मी इतकी हसले की आमचे हे आतून बघायला आले. मी त्यांना वाचून दाखवलं. ते काही हसले नाहीत.

"असल्या चहाडखोरांची पुस्तकं वाचू नयेत," म्हणाले आणि परत आत गेले.

आता यांचं काय बिनसलं, ते सांगते. आमचे हेसुद्धा तरुणपणी गिटारवाले. छावणीत वायरमनची नोकरी आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रा. यांची गिटार सुरू झाली की शिट्ट्या पडायच्या म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की लग्नानंतर दोनच महिन्यांत यांनी गिटार सोडली. का सोडली, ते आमच्या चर्चमधल्या लहान पोरालाही पाठ आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत प्रार्थनेच्या सभेत उभं राहून साक्ष द्यायची रीत असते. देवाने मला कुठून कुठे आणलं, ते चार लोकांत सांगायचं. यांची साक्ष पन्नास वर्षं एकच. जामखेडला कार्यक्रम रंगात आला होता. एकाएकी अंगातून प्रकाश गेला. वाणी झाली, 'ठेव ते खाली.' यांनी गिटार खाली ठेवली ती कायमची. पुढे अंगी नम्रता यावी म्हणून वायरमनचं कामही सोडलं आणि स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. ऐकून बायका डोळ्यांना पदर लावतात. मीही लावायचे.

पण त्या वॉचमनने माझं डोकं बिघडवलं. इस्त्रीचा प्लग पन्नास वर्षं मीच लावते. मिक्सर चालू करायचा तर हे आधी रबरी चप्पल शोधतात. मला वाटायचं, वायरमन माणूस, जपून वागतो. आता शंका यायला लागली.

त्यात लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून अंगणात मांडव घालून देवाचे आभार मानायची, उपकारस्तुतीची सभा ठरली. यांची आरशापुढे साक्षीची तयारी सुरू झाली. एक दिवस हळूच म्हणाले, "जामखेडवालीला बोलव. पण बोलायला उठू देऊ नको."

जामखेडवाली म्हणजे यांची धाकटी बहीण, तिथेच दिलेली.

"का हो?"

"तिला बीपी आहे."

बीपी तर मलाही आहे. त्याच दुपारी मी फोन लावला. "वन्सं, त्या कार्यक्रमाला तुम्ही होतात ना?"

"व्हय की. पुढच्याच रांगेत हुते. का वं?"

"सभेत सांगाल का त्यातलं काही?"

"दादाला चालंल का?"

"साक्ष देणाऱ्याला कोणी अडवत नसतं," मी म्हटलं. दोन पुस्तकं वाचून शहाणी झालेली बाई ना मी.

सभेच्या दिवशी मांडव भरला. छावणीतले यांच्या वेळचे निवृत्त वायरमन झाडून सगळे आले होते. यांनी साक्ष दिली, पण नजर सारखी बहिणीकडे, आणि पन्नास वर्षं पाठ असलेल्या साक्षीत दोनदा अडखळले. त्या गिटारवाल्याच्या कुलपाला मी हसले, कारण तो माझा कोण लागत होता? हा माणूस माझा होता, आणि घाबरला होता.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "आणखी कोणाला साक्ष द्यायची आहे?" मी वन्संना मानेने 'नको, नको' केलं. त्यांना वाटलं, मी 'उठा, उठा' म्हणतेय. पदर सावरून उठल्या.

"सलाम मंडळी. दादा म्हनला त्ये समदं खरं हाय. परकाश पडला. म्या सोता बघितला. निळा हुता."

वायरमन मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं.

"गिटारीचा आवाज वाढवायच्या मशीनची वायर दादानंच जोडली हुती. उलटी. गिटारीला हात लावला आन् केस हे असे उभे! लोकांना वाटलं नवा नाच हाय. वन्स मोअर, वन्स मोअर! मग आमच्या मालकांनी लाकडी बाकडं घातलं मधी आन् दादाला ढकलला."

"आणि वाणी?" पाळकसाहेबांनी न राहवून विचारलं.

"झाली की वाणी. आमच्या मालकांची. 'ठेव त्ये खाली, मेल्या!'"

मांडव हसून हसून आडवा झाला. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. हे मात्र मान खाली घालून बसलेले.

जेवणाच्या वेळी ताटाला हात लावेनात. "तूच सांगितलंस ना तिला बोलायला?"

"मीच."

"पन्नास वर्षं सांभाळलं होतं मी."

"निदान मला तरी सांगायचं होतं."

"तुला? नव्या नवरीला सांगू, वायरमनला स्वतःच्याच वायरिंगचा शॉक बसला म्हणून?"

दोन्ही पुस्तकं वाचावीत, हे मी आजही म्हणते. फक्त ज्याचं चरित्र आहे, त्याच्या शेजारी बसून मोठ्याने वाचू नये.

मी त्यांचं ताट पुढे सरकवलं. तेवढ्यात यांच्या वेळचे एक वायरमन ताट घेऊन आले, खुर्ची ओढून बसले. हसले नाहीत. गंभीरपणे विचारलं, "उलटी म्हणजे नेमकी कशी जोडली होती?"

यांनी ताट जरा जवळ ओढलं. मग म्हणाले, "तिथं अर्थिंगच नव्हतं हो. करणार काय माणूस?"

"अरेरे! मग शॉक बसणारच. माझंही एकदा असंच झालं होतं," ते म्हणाले.

"तुमचंही?" यांनी भाकरी मोडली.

दुसरी भाकरी येईपर्यंत भोवती दहाबारा माणसं जमली होती आणि हे उभं राहून केस कसे झाले होते ते दाखवत होते. एका बाकड्याची तीन बाकडी झाली. निळा प्रकाश पार एसटी स्टँडवरून दिसला. वन्स मोअर म्हणणाऱ्यांत एक आमदार येऊन बसले.

वन्सं माझ्या कानाशी आल्या. "वहिनी, आमदार न्हवता वं तिथं."

"असू द्या वन्सं," मी म्हटलं, "जेवताहेत ना ते."